जावयाच्या गाडीचं अग्निप्रदीपन

टेस्टच्या तारखेचं पत्र मुक्ताने फ्रिजच्या दारावर चिकटवलं आणि ते वाचून धास्तावला तो तिचा नवरा जयदीप. अठरा जानेवारी, सकाळी सव्वानऊ. आयर्लंडातल्या स्लायगोत जानेवारीतली सकाळ म्हणजे अंधार, ओल आणि वारा, आणि त्यांच्या तेरा वर्षांच्या लाल गाडीला या तिन्ही गोष्टी सोसत नसत. निदान जयदीपचं तसं ठाम मत होतं.

मत ठाम असायला कारणही तसंच घडलं होतं. गेल्या फेब्रुवारीत मुक्ताची पहिली ड्रायव्हिंग टेस्ट होती. ती नवा स्वेटर घालून, देवाला नमस्कार करून बाहेर आली, तेव्हा जयदीप आधीच स्टिअरिंगमागे जाऊन बसला होता. "तू टेन्शन घेऊ नकोस, गाडी मी सुरू करून देतो," तो म्हणाला. त्याने ॲक्सिलरेटरवर पाच वेळा दणदणीत पाय मारला आणि किल्ली फिरवली. मग पुन्हा पाच वेळा पाय आणि पुन्हा किल्ली. इंजिनला आधी पोटभर पाजायचं आणि मग उठवायचं, ही विद्या तो नागपूरला वडिलांच्या जुन्या गाडीवर शिकला होता. पंचवीस मिनिटं हा कार्यक्रम चालला. गाडी खोकली, कण्हली, आणि गप्प झाली. टेस्टची वेळ टळून गेल्यावर जयदीप बॉनेटवर दोन्ही हात टेकून मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा मुक्तानेच उतरून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रे," एवढंच ती म्हणाली.

जाऊ दे म्हटलं तरी पुढची तारीख मिळायला अकरा महिने गेले. आयर्लंडात त्या वर्षांत टेस्टची रांग इतकी लांब होती, की भारतात एखाद्या चुलत बहिणीचं लग्न ठरून, होऊन, डोहाळजेवणाचे फोटो आले तरी इथे माणसाचा नंबर लागत नसे. आणि आता प्रश्न नुसत्या टेस्टचा राहिला नव्हता. मुक्ता फिजिओथेरपिस्ट होती. चार वर्षांपूर्वी जयदीपला इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि ती पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का घेऊन त्याच्या मागोमाग आली. डिग्रीला मान्यता मिळवण्यात दोन वर्षं गेली, अर्ज करण्यात दीड. नोव्हेंबरात एकदाची नोकरी चालून आली: आसपासच्या खेड्यांत म्हाताऱ्या पेशंटांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे. अट एकच होती. एकतीस जानेवारीच्या आत फुल लायसन्स हातात हवं. ही टेस्ट हुकली की नोकरीही गेली.

"या वेळी गाडी सुरू होणार," फ्रिजसमोर उभं राहून जयदीपने जाहीर केलं. "पहिल्या फटक्यात. गॅरंटी."

"होईल रे," मुक्ता म्हणाली आणि पोळ्या लाटायला वळली. तिच्या आवाजात काळजीचा मागमूसही नव्हता, पण ते जयदीपच्या लक्षात आलं नाही. त्याच्या डोक्यात इंजिन सुरू झालं होतं.

त्याने कॅनडातल्या दत्तात्रयला फोन लावला. दत्तात्रय त्याचा कॉलेजातला मित्र, आणि थंडी या विषयातला त्याच्या ओळखीतला सगळ्यात मोठा अधिकारी.

"ब्लॉक हीटर बसव," दत्तात्रय म्हणाला. "इंजिनमधलं पाणी गरम ठेवतो. निघायच्या आधी दोन-तीन तास प्लग लावायचा, बस. इथे उणे तीसमध्ये माझी गाडी एका फटक्यात उठते."

"इथे जास्तीत जास्त उणे तीन होतं रे."

"मग अर्ध्या फटक्यात उठेल. पाठवतो."

डिसेंबरच्या अखेरीस खोकं आलं. आत तांब्याचं वेटोळं, रबरी वायसर आणि हातभर काळी वायर. जयदीपने इंटरनेटवरून बसवण्याची कृती छापून आणली, ती चौदा पानं भरली. ती प्लास्टिकच्या फोल्डरात घालून तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला असताना आप्पांनी हीटर उचलून उजेडाकडे धरला.

आप्पा म्हणजे मुक्ताचे वडील दीनानाथ. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मुक्ताची आई सुनेच्या बाळंतपणात अडकल्यामुळे ते एकटेच तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते, आणि पहिल्या तीन आठवड्यांत घरातला प्रत्येक नळ आणि प्रत्येक बिजागरी दुरुस्त करून आता हात चोळत बसले होते.

"म्हंजे ह्यो बारका बॉयलरच की!" आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मुक्ताने हातातली कढई खाली ठेवली. "जावईबापू, ह्ये काम माझं. तुमी निस्ती बत्ती धरा."

"आप्पा, चौदा पानं आहेत."

"वाचा की तुमी. म्या करतो."

पुढच्या शनिवारी मुक्ता भाजी आणायला गेल्याची संधी साधून दोघांनी बॉनेट उघडलं. पान दोनवर लिहिलं होतं की आधी इंजिनमधलं सगळं पाणी काढून घ्यावं. त्यासाठी रुंद भांडं हवं होतं. जयदीप फोल्डरात भांड्याचं माप शोधेपर्यंत आप्पा घरात जाऊन स्टीलचं पातेलं घेऊन आले, आणि हिरवंगार पाणी त्यात पडायला लागलं. पान पाचवर इंजिनच्या अंगात बसवलेली पत्र्याची एक चकती काढायची होती, त्या भोकात हीटर बसणार होता. 'चकतीच्या एका कडेवर हलकेच ठोकावे,' जयदीपने वाचून दाखवलं. आप्पांनी हलकेच ठोकलं. साखर कारखान्यातलं हलकेच आणि मोटारीतलं हलकेच यांत बराच फरक असतो. टण्ण असा आवाज झाला आणि चकती दिसेनाशी झाली.

"निघाली?" जयदीपने विचारलं.

"निगाली," आप्पा म्हणाले. "पर आत निगाली."

पान पाचपासून चौदापर्यंत कुठेही चकती आत गेल्यास काय करावे हे दिलेलं नव्हतं. दोघंही त्या भोकाकडे बघत उभे राहिले. समोरच्या घराच्या खिडकीतून डर्मट हे सगळं अर्धा तास बघत होता. डर्मट इमारतींच्या कामावर इलेक्ट्रिशियन होता, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही असं त्याच्या आईचं वळण होतं. पण टण्ण ऐकल्यावर त्याला राहवेना. तो रस्ता ओलांडून आला, लांब दांडीच्या टोकाला लोहचुंबक लावलेली एक काडी भोकात घातली आणि दहा मिनिटं जीभ बाहेर काढून चकती शोधत राहिला.

"उजव्या अंगाला बगा, पाव्हनं," आप्पा त्याला सांगत होते. "वाईच वर. हां!"

"गॉट हर!" डर्मट ओरडला. या दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अवाक्षरही येत नव्हतं, आणि त्यामुळे त्यांचं काहीही अडलं नाही. तासाभरात दोघांनी मिळून हीटर बसवला, पाणी भरलं, आणि जयदीपकडे बत्ती धरण्याचं काम कायम राहिलं.

वायरीच्या टोकाशी आल्यावर मात्र डर्मट थबकला. त्याने खोक्यावरचा मजकूर वाचला. "हे एकशे दहा व्होल्टचं आहे," तो म्हणाला. "आपल्याकडे घरात दोनशे तीस. हे घरच्या प्लगला लावलंस तर गाडी सुरू होईल, पण थेट स्वर्गात."

जयदीपचा चेहरा पडला. डर्मटला ते बघवलं नाही. घरं बांधायच्या साइटवर सगळी हत्यारं एकशे दहावरच चालतात. त्यासाठी लागणारा एक पिवळा, दगडासारखा जड ट्रान्सफॉर्मर त्याच्या व्हॅनमध्ये पडून होता. तो त्याने आणून दारात ठेवला, आणि हीटरच्या वायरीला साइटवरचा जाडजूड पिवळा प्लग जोडून दिला. मग हात पुसत त्याने विचारलं, "पण एक सांग, हे सगळं कशासाठी?"

"थंडीने गाडी सुरू होत नाही ना," जयदीप म्हणाला. "हे बघ, असं होतं." हीटर बसवल्यावर एकदा सुरू करून बघायचंच होतं. त्याने आत बसून पाच वेळा पाय मारला आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली.

डर्मट शर्टाच्या बाह्या वर सारून उभा होता. त्याने आकाशाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, नाक चोळलं, आणि आप्पांकडे पाहिलं. आप्पांनीही त्याच्याकडे पाहिलं. "ग्रँड," डर्मट म्हणाला. "दॅट्स ग्रँड." म्हणजे इथल्या भाषेत, ठीक आहे. आणि तो घरी गेला.

तेवढ्यात मुक्ता परतली. पिशव्या खाली ठेवून ती पातेल्यासमोर उभी राहिली.

"हे दुधाचं पातेलं आहे," ती म्हणाली.

"होतं," जयदीप हळूच म्हणाला. "ते पाणी विषारी असतं."

मुक्ताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. दोघांच्याही नाकाला काळं लागलं होतं आणि दोघंही शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे हसत होते. ती चहा टाकायला आत गेली.

आता फक्त प्लग लावायचा होता, पण आप्पांनी हात आडवा धरला. "आज न्हाई. अग्निप्रदीपन केल्याबिगर बॉयलर पेटवत न्हाईत."

साखर कारखान्यात दर हंगामाला ऊस गाळायच्या आधी बॉयलरची पूजा होते, एक जोडपं बसवतात, नारळ फोडतात, आणि मगच आत अग्नी सोडतात. पस्तीस वर्षांत आप्पांचा एकही बॉयलर या विधीशिवाय पेटला नव्हता. आता लेकीच्या दारात तो नियम मोडायला ते तयार नव्हते.

"आप्पा, हा चारशे वॅटचा आहे," जयदीप म्हणाला.

"देवाला वॅट कळत न्हाईत, जावईबापू."

त्यामुळे रविवारी सकाळी साडेदहाला, दिनदर्शिकेतला बरा मुहूर्त पाहून, गाडीसमोर पाट मांडला गेला. हीटर इंजिनात बसलेला असल्यामुळे हळदकुंकू पिवळ्या ट्रान्सफॉर्मरला वाहिलं. डर्मट शर्टाच्या बाह्या खाली करून आला होता. मुक्ताची टेस्ट आहे हे कळल्यावर त्याच्या आईने चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती, आणि गाडीसाठी पवित्र पाण्याची छोटी बाटलीही पाठवली होती. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि चारही चाकांवर शिंपडली. तीन तास ट्रान्सफॉर्मर घुं घुं करत राहिला, तोवर सगळ्यांचे चहा-पोहे झाले.

"आता यजमानीणबाईंनी किल्ली फिरवायची," आप्पांनी फर्मावलं. जयदीप पुढे सरकला होता, पण त्याच्या हातात आरतीचं ताट होतं. मुक्ता बसली, तिने किल्ली फिरवली, आणि गाडी घुर्र करून सुरू झाली. पहिल्या फटक्यात! टाळ्या वाजल्या. जयदीपने ताट पाटावर ठेवलं आणि डोळे पुसले. त्याला त्या क्षणी दत्तात्रय, आप्पा, डर्मट, डर्मटची आई आणि तांब्याचं ते वेटोळं या सगळ्यांबद्दल सारखंच प्रेम वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्याआधी त्याने दोन तास हीटर लावला, पाच वेळा पाय मारला, किल्ली फिरवली, आणि गाडी खोकून गप्प झाली. दहा मिनिटं थांबून, देवाचा धावा करून, मग कशीबशी उठली. जयदीप सॉफ्टवेअरवाला माणूस होता. तो खचला नाही, त्याने तक्ता केला. तारीख, बाहेरचं तापमान, हीटर किती तास, निकाल. सोमवारी दोन तास: नापास. मंगळवारी तीन तास: नापास. बुधवारी त्याची बॅग आत राहिली म्हणून मुक्ताने गाडी सुरू करून ठेवली. साडेतीन तास: पास. गुरुवारी साडेतीन तास: नापास. शनिवारी मुक्ता सरावाला घेऊन गेली. चार तास: पास.

"दिसतंय ना?" त्याने तक्ता छापून आप्पांपुढे धरला. "मर्यादा साडेतीनच्या आसपास आहे. चार तासांना धोका नाही."

आप्पांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "कागद झ्याक हाय," ते म्हणाले. "पर एक रकाना कमी हाय."

"कुठला?"

ओट्याशी कोबी चिरणाऱ्या मुक्ताने सुरी थांबवली आणि वडिलांकडे डोळे मोठे करून पाहिलं. आप्पा खाकरले. "वाऱ्याचा," ते म्हणाले.

जयदीपला ते पटलं. त्याने वाऱ्याचा रकाना घातला.

अठरा जानेवारीला आप्पा पाचच्या आधीच उठले, ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं आणि गळ्याला मफलर गुंडाळून दारातच खुर्ची टाकून बसले. बॉयलर पेटल्यावर माणसाने समोरून हलायचं नसतं. सात वाजता मात्र त्यांना लेकीची परीक्षा पारोशा अंगाने बघायची नाही असं वाटलं, आणि ते अंघोळीला गेले. वर विजेचा शॉवर सुरू झाला, खाली जयदीपने चहासाठी किटली लावली, मुक्ताने टोस्टर दाबला, दारात ट्रान्सफॉर्मर घुमत होताच. खट् असा आवाज होऊन घरभर अंधार झाला. वरून आप्पांचा आवाज आला, "आरं, बर्फ पडाय लागलं का काय न्हाणीत!"

जयदीपने जिन्याखालचा खटका वर केला, तो पुन्हा पडला. टोस्टर काढला, किटली काढली, पुन्हा वर केला, तेव्हा दिवे आले. पण ट्रान्सफॉर्मर गप्प तो गप्पच. डर्मट पहाटेच कामावर गेला होता. जयदीपने ट्रान्सफॉर्मरला थापट्या मारल्या, आर्जवं केली, उरलेलं कुंकू लावलं. साडेआठ वाजले.

"फक्त दोन तास झालेत!" त्याचा आवाज चिरकला. "दोन तासांना शंभर टक्के नापास! मुक्ता, मी आत्ताच सुरू करून ठेवतो. हळूहळू प्रयत्न करत राहिलं की उठेल." त्याने किल्ली उचलली.

मुक्ताने ती किल्ली त्याच्या बोटांतून हलकेच काढून घेतली. "जयदीप, माझं प्रोव्हिजनल लायसन्स वरच्या कपाटात राहिलंय. टॉवेलांच्या मागे. आणतोस?"

जयदीप दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. टॉवेलांच्या मागे काही नव्हतं. चादरींच्या मागेही नव्हतं. तो गाद्या उलथायच्या बेतात असताना खालून घुर्र असा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर गाडी सुरू होती, मुक्ता आत बसली होती, आणि लायसन्स तिच्या हातातच होतं.

"बॉयलर विझला तरी वाफ ऱ्हाती, जावईबापू," ओल्या केसांनी मागच्या सीटवर चढत आप्पा म्हणाले. बाहेर दहा डिग्री होतं आणि समुद्रावरून उबट झिमझिम येत होती. जयदीपला मात्र तो निव्वळ चमत्कार वाटला.

टेस्टचा ऑफिसर शेजारच्या डोनेगलकडचा, उंच, उदास चेहऱ्याचा माणूस होता. त्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि समोरच्या जाळीतून लोंबणाऱ्या जाड पिवळ्या प्लगपाशी थांबला. "विजेवर चालते?" त्याने विचारलं.

"नाही," मुक्ता म्हणाली. "माझ्या नवऱ्याने बसवलंय. गाडीला थंडी वाजू नये म्हणून."

ऑफिसरने पावसाकडे पाहिलं. मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडीत बसला.

पुढची पस्तीस मिनिटं जयदीप आणि आप्पा तिथल्या बाकावर बसले. जयदीपने नखं संपवली. स्वतः तो तिसऱ्या खेपेला पास झाला होता, त्यामुळे कुठल्या चौकात काय होतं याची त्याला तपशीलवार कल्पना होती. आप्पा डोळे मिटून बसले होते, पण त्यांचे ओठ हलत होते. शेवटी गाडी आली. ऑफिसर मुक्ताला आतल्या खोलीत घेऊन गेला. दार बंद झालं, आणि उघडलं तेव्हा मुक्ताच्या हातात कागद होता. तिने होकारार्थी मान डोलावली, दोन-तीनदा, आणि मग रडायलाच लागली.

जयदीपला काय करू आणि काय नको असं झालं. आप्पांना मिठी मारून झाली, ऑफिसरचा हात हातात घेऊन झाला. "आज तू हात लावायचा नाहीस," तो मुक्ताला म्हणाला. "राणीसारखी बाजूला बस. मी घरी नेतो." तो उड्या मारत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला, मुक्ता काही म्हणायच्या आत पाच वेळा दणदणीत पाय मारला, आनंदाच्या भरात आणखी दोन मारले, आणि किल्ली फिरवली.

गाडी खोकली. कण्हली. गप्प झाली.

त्याने पुन्हा पाय मारला, पुन्हा किल्ली फिरवली. काही नाही. खिडकीतून ऑफिसर बघत होता. जयदीपची नजर समोरच्या तापमानाच्या काट्यावर गेली. इंजिन नुकतंच सगळं स्लायगो फिरून आलं होतं, काटा बरोबर मध्यावर होता, आणि बॉनेटवर पडलेल्या पावसाची वाफ होत होती. थंडीवर ढकलायला जागाच नव्हती.

जयदीपचा पाय हवेतच थांबला. त्याने हळूच डावीकडे पाहिलं. मुक्ता खिडकीबाहेर, दगडी भिंतीकडे अगदी एकाग्रतेने बघत होती. मागून आप्पांचा आवाज आला, "पाच मिन्टं थांबा, जावईबापू. पाय मारून मारून इंजिनात लई पेट्रोल गेलंय, त्ये उडून जाऊ द्या."

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"आवं, वास येतो की. पयल्या दिशीच आला."

"मग सांगितलं का नाही?"

"जावयाला कसं सांगायचं?" आप्पा अगदी साधेपणाने म्हणाले. "आन् तुमी एवढं लेकीसाठी करत हुता. त्यात म्या खोडा घालू?"

"आणि डर्मट?"

"त्यो तर माझ्या आदी वळाकला. त्यानं मला नाक धरून दाखवलं. म्या त्याला वटावर बोट ठिवून दाखवलं. ग्रँड म्हनला."

जयदीपने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. तक्त्यातला तो नसलेला रकाना, किल्ली कुणी फिरवली याचा, आता त्याला डोळे मिटूनही दिसत होता. त्याने मान तशीच ठेवून विचारलं, "मुक्ता, गेल्या वर्षीपण... मीच?"

मुक्ता त्याच्याकडे वळली. "थंडीपण होती रे," ती म्हणाली. "थोडी."

"अकरा महिने गेले तुझे. मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"काय बोलणार? तू बॉनेटवर हात टेकून उभा होतास. तुझा चेहरा बघितला आणि मला टेस्टचं काही वाटेनाच. मग म्हटलं उद्या सांगू, परवा सांगू. मग आप्पा आले. मग ते खोकं आलं, पूजा झाली, डर्मटच्या आईची मेणबत्ती झाली." ती हसायला लागली, पण डोळे अजून ओलेच होते. "इतका जीव टाकून कुणी माझ्यासाठी इंजिनात हीटर बसवेल, असं मला कधी वाटलं होतं का? मला नव्हतं ते मोडायचं. तुला वर टॉवेल शोधायला पाठवलं की काम होत होतं ना."

जयदीपला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही थोडं थोडं केलं. मग तो उतरला, गाडीला वळसा घालून डावीकडे आला आणि मुक्ताचं दार उघडून उभा राहिला. मुक्ता उजवीकडे जाऊन बसली, सीट पुढे ओढली, ॲक्सिलरेटरला पाय न लावता किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. खिडकीतल्या ऑफिसरने एकदाच मान हलवली आणि पडदा ओढून घेतला.

ती घराकडे वळली नाही. सरळ नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलात गेली, कागद दाखवायला. जयदीप आणि आप्पा गाडीत बसून राहिले. आप्पांनी रुमालात बांधून आणलेले शेंगदाणे दोघांनी संपवले. वीस मिनिटांनी मुक्ता पावसातून धावत आली, दार उघडून आत बसली आणि तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"सोमवारपासून," ती म्हणाली. "पहिली पेशंट नव्वद वर्षांची आहे. खुब्याचं हाड मोडलंय. पार टोकाला राहते, समुद्राजवळ."

"सोमवारी मी लवकर उठतो," जयदीप घाईघाईने म्हणाला. "तुला आधी सोडतो, मग ऑफिसला."

"अरे, गाडी मला दिवसभर लागणार," मुक्ता म्हणाली. "मीच तुला ऑफिसला सोडीन. संध्याकाळी न्यायलाही येईन."

चार वर्षांत हे वाक्य या घरात दुसऱ्या बाजूनेच बोललं गेलं होतं. जयदीपने शेंगदाण्याची टरफलं झटकली आणि पट्टा लावला.

"किती वाजता तयार राहू?" त्याने विचारलं.